खाटा वाढल्या, तरी जागा का मिळत नाही?

प्रश्न : लोकसंख्या वाढते आहे, नवी रुग्णालयेही उभी राहत आहेत. तरी कॅज्युअल्टीत रुग्ण तासन्‌तास स्ट्रेचरवरच पडून असतो. असे का?

उत्तर : नुसत्या खाटांच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. रुग्णाचा सरासरी मुक्काम किती, हे आधी विचारा. १०० खाटा ८५ टक्के भरलेल्या आणि मुक्काम ५ दिवसांचा असेल, तर वर्षाला सुमारे ६,२०० रुग्ण दाखल करून घेता येतात. मुक्काम ४ दिवसांवर आणला की त्याच खाटांवर ७,७५० रुग्ण होतात. एकही वीट न रचता २५ खाटा वाढल्यासारखेच हे.

मुक्काम लांबतो तो पुष्कळदा आजारामुळे नव्हे. तपासणीचा अहवाल संध्याकाळी येतो, मोठ्या डॉक्टरांचा राउंड दुसऱ्या दिवशी असतो, रविवारी सोनोग्राफी बंद असते. डिस्चार्जचे कागद दुपारी तीनला तयार होतात आणि नव्या रुग्णांची रीघ मात्र अकरापासून लागलेली असते. स्ट्रेचरची रांग या चार तासांत तयार होते. उद्या कोण घरी जाणार हे आज संध्याकाळीच ठरवावे, त्यांची औषधे आणि बिल रात्रीच तयार ठेवावे, सकाळच्या राउंडमध्ये आधी त्यांनाच तपासावे. यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते, आणि तीच सगळ्यात अवघड.

शिवाय, लोकसंख्या वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल आणि रुग्णालय उभे राहायला पाच वर्षे लागली, तर तोवर ती १६ टक्क्यांनी वाढते. आजच्या गरजेवर आखलेले रुग्णालय उद्‌घाटनाच्या दिवशीच अपुरे पडते.

प्रश्न : एक मोठे रुग्णालय बरे की अनेक लहान?

उत्तर : बाळंतपण, ताप, टाके यांसाठी जवळचे लहानच हवे. पण लहान रुग्णालय ८५ टक्के भरलेले ठेवू नये. २० खाटांपैकी सरासरी १७ भरलेल्या असतील, तर रुग्णसंख्येतल्या चढउतारामुळे साधारण पाचातल्या एका दिवशी मागणी २० च्या वर जाते. २०० खाटांपैकी १७० भरलेल्या असतील, तर असा दिवस शंभरात एखादा. टक्केवारी दोन्हीकडे सारखीच, पण लहान ठिकाणी धक्का झेलायला फक्त ३ खाटा उरतात. तिथे मोकळ्या दिसणाऱ्या खाटांना उधळपट्टी म्हणणे चूक आहे.

प्रश्न : नवा आयसीयू बांधून तयार आहे, पण निम्म्या खाटा बंद आहेत.

उत्तर : बहुधा परिचारिका कमी असतील. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका लागते. दिवसाला ३ पाळ्या म्हणजे वर्षाला १,०९५. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा जाता एकीच्या वाट्याला २७०-२८० पाळ्या येतात. म्हणजे एका खाटेमागे चार जणी, दहा खाटांना चाळीस. भरती बांधकामाबरोबरच सुरू करायला हवी, कारण आयसीयूचे काम हाताला बसायला महिने लागतात.

ऑक्सिजनचीही खात्री करा. हाय-फ्लो यंत्र (नाकातल्या नळीने वेगाने ऑक्सिजन देणारे) एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देते, दहा जणांना ६००. पाइप अरुंद असेल, तर टाकी भरलेली असूनही टोकाच्या खाटांवर दाब घसरतो. म्हणून सगळे आउटलेट एकाच वेळी उघडून शेवटच्या खाटेवरचा दाब मोजल्याशिवाय विभाग ताब्यात घेऊ नये.