साडेतीनशे जंप मारून ‘आता काय’ विचारणाऱ्या मुलाला

अरे मुला,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेदोनला आला, मी जागीच होते, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर रागावून दिलं असतं म्हणून दोन दिवस थांबले. तू लिहिलंस, ताई, एलिट डेंजरसमध्ये सॅज ए ला, म्हणजे गॅलेक्सीच्या मधल्या ब्लॅक होलला पोचलो, मँडले जहाज घेऊन तीन रात्रीत, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर अशा साडेतीनशे जंप, मधे काळा गोळा आहे, स्क्रीनशॉट घेतले, आता काय करू? आणि खाली अजून एक ओळ, की मित्र म्हणतायत बबलमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात परत ये, क्रेडिट म्हणजे गेममधले पैसे कमव, फ्लीट कॅरियर हे प्रचंड जहाज घे, हे फिरणंबिरणं रिकामटेकड्यांचं काम आहे, आणि वाटेत सगळीकडे पहिला शोधणारा म्हणून आधीच कुणाचं तरी नाव लागलेलं होतं त्यामुळे तुलाही आता तसंच वाटायला लागलंय.

एलिट डेंजरस किती भारी गेम आहे हे तुला सांगत बसणार नाही, ते तुला माहितीये म्हणून तर तू सोलपासून, म्हणजे आपल्या सूर्यापासून 25,900 प्रकाशवर्षं लांब जाऊन बसलायस. मला फक्त एक सांग. त्या तीन रात्रीत तू थ्रॉटल शून्यावर किती वेळा आणलास? जंप संपली, समोर तारा आला, हॉन्क करून सिस्टीम स्कॅन केलीस, ताऱ्यावरून फ्युएल स्कूप करून इंधन भरलंस, पुढची जंप. साडेतीनशे वेळा हेच ना? म्हणजे तू साडेतीनशे सूर्यांच्या दारात गेलास आणि एकाही घरात उतरला नाहीस, आणि वर मला विचारतोस की बोअर का झालं.

उतरून बघ रे. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे आणि या पत्रात मी ते दहा वेळा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

मी नववीत असताना बाबांनी दीड दिवसात अष्टविनायक केले होते. भाड्याची गाडी, पहाटे चारला निघायचं, आठ गणपती, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. बाबा पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगायचे, दीड दिवसात आठही. मला आज त्यातलं काय आठवतं तर गाडीतला डिझेलचा वास आणि चपला कुठे काढल्या होत्या ते. लेण्याद्रीला पायऱ्या चढून गेल्यावर खाली कुकडीचं खोरं दिसतं हे मला चाळिशीत कळलं, परत एकटी गेले तेव्हा. पहिल्या वेळी मी तिथे उभी होतेच की, पण हात धरून ओढलं जात होतं, चल चल पुढे ओझरला उशीर होतोय.

आणि एवढं समजून उमजूनही 2017 मध्ये मी बीगल पॉइंटला अशीच गेले. सोलपासून 65,279 प्रकाशवर्षं, गॅलेक्सीचं पार दुसरं टोक. माझी ॲस्प एक्सप्लोरर तेव्हा एका उडीत जेमतेम 33 प्रकाशवर्षं जायची, म्हणजे दोन हजाराच्या आसपास जंप झाल्या, पाच आठवडे रोज रात्री मुलं झोपल्यावर बसायचे, शेजारच्या स्क्रीनवर मालिका चालू, इकडे हाताने आपोआप जंप, स्कूप, जंप. पोचले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी धाकटीने विचारलं, आई तिकडे काय काय होतं गं? आणि मी तिला स्क्रीनशॉट दाखवायला लागले तर ती म्हणाली, फोटो नको, सांग ना. मला काहीच सांगता येईना. पाच आठवडे आणि एक वाक्य नाही. ते मला अजून लागतं, आणि तुझा मेसेज वाचून तेच परत वर आलं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आता तुझा ‘काळा गोळा’. तू अजून तिथेच असशील तर एक काम कर. नाक ब्लॅक होलकडे ठेवून बसू नकोस, जरा अंतरावरून सुपरक्रूझमध्ये अगदी हळू त्याच्या बाजूने सरक आणि गोळ्याकडे न बघता त्याच्या कडेकडे बघ. मागचे तारे कसे ताणले जातात, एका बाजूने जवळ येतात, वाकतात आणि दुसऱ्या बाजूने निसटतात, पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं हलतं तसं. त्याचं गुरुत्व मागून येणारा प्रकाश वाकवतंय म्हणून ते तसं दिसतं, खरं असंच होतं. गोळ्यात बघण्यासारखं काही नाहीच, बघायचंय ते त्याच्या भोवती. मग जहाज पूर्ण उलटं फिरव. पृथ्वीवरून आपल्याला आकाशगंगेचा एक पट्टा दिसतो, तिथून सगळीकडे ताऱ्यांची गर्दी, अंधाराला जागाच नाही. हे तू बघितलंस का? नसशील बघितलं. स्क्रीनशॉटमध्ये तुझं जहाज मधोमध आहे.

आणि निघायच्या आधी एक्सप्लोरर्स अँकरेजला जा, तिथून जवळच आहे, स्टुएमेए एफजी-वाय डी7561 मध्ये. जानेवारी 2019 मध्ये डिस्टंट वर्ल्ड्स 2 म्हणून मोहीम निघाली होती, तेरा हजारांवर लोकांनी नावं दिली होती, त्या लोकांनी सामान वाहून वाहून ते स्टेशन उभं केलं. तिथे वाटेत स्कॅन केलेला डेटा विकून टाक, जहाज दुरुस्त कर. हे मी काळजीने सांगतेय, कारण अकरा आठवड्यांचा डेटा मी एका संध्याकाळी घालवलाय.

तेही सांगते, कारण तुला कुणीतरी सांगेलच की ताई उतरायला गेली आणि मेली. 2018 ची गोष्ट, चार जीच्या वरचा, म्हणजे पृथ्वीच्या चौपटीहून जास्त गुरुत्वाचा ग्रह होता, तांबूस, एवढ्या खोल दऱ्या की तळ दिसेना. मी उतरायला गेले, स्वयंपाकाची वेळ झालेली, कुकर लावायचा होता, म्हटलं पटकन टेकवू आणि उठू. एवढ्या गुरुत्वात जहाज हळूहळू, पोट जमिनीला समांतर ठेवून, अक्षरशः इंच इंच खाली आणायचं असतं. मी नाक खाली केलं आणि पुढच्या तीन सेकंदात शील्ड गेली, हल गेला, री-बायची, म्हणजे जहाज परत विकत घ्यायची स्क्रीन, आणि न विकलेला डेटा सगळा गेला. ग्रुपमधले सगळे म्हणाले, म्हणून आम्ही उतरत नाही. वर्षभर हे ऐकून घेतलं मी. पण मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते, मी उतरले म्हणून नाही मेले, मी घाईत उतरले म्हणून मेले, आणि हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय. दऱ्या मात्र मला आठवतात. बीगल पॉइंटच्या दोन हजार सिस्टीममधलं काही आठवत नाही आणि जिथे सगळं गेलं तो ग्रह आठवतो, याचं काय ते तूच ठरव.

उतरून बघ. आता तर चालताही येतं. मे 2021 मध्ये ओडिसी आलं तेव्हापासून विरळ वातावरणाच्या ग्रहांवर पायी उतरता येतं, आम्ही आधी फक्त ती एसआरव्ही गाडी फिरवायचो. मी एका गॅस जायंटच्या चंद्रावर बॅक्टेरियमचे नमुने घेत होते. एका जातीचे तीन नमुने लागतात आणि बॅक्टेरियमला दोन नमुन्यांमध्ये निदान 500 मीटर अंतर लागतं, म्हणून तिसऱ्यासाठी चालत निघाले. चालता चालता उजेड कमी व्हायला लागला. मला वाटलं ग्राफिक्स सेटिंग बिघडली. वर बघितलं तर गॅस जायंट सूर्यापुढे येत होता, ग्रहण! कुणी लावलेलं नाही, कुठल्या यादीत नाही, चंद्र फिरतोय, ग्रह फिरतोय, त्यांची वेळ आली म्हणून झालं. जमीन निळसर झाली, मग काळी, फक्त कडांच्या रिंगा चमकत होत्या. सूटची बॅटरी संपत आली तेव्हा धावत जहाजात जाऊन भरून आले आणि परत त्याच जागी उभी राहिले, उजेड येईपर्यंत. धाकटीला हे मी न थांबता वीस मिनिटं सांगितलं.

क्रेडिटचं म्हणशील तर घे, त्यातही मित्रांना उत्तर आहे. स्ट्रॅटम टेक्टोनिकास नावाच्या सजीवाचे तीन नमुने म्हणजे सुमारे 1.9 कोटी क्रेडिट, आणि तू पहिलाच असशील तर बोनस धरून पाचपट. फ्लीट कॅरियर 5 अब्जांची, हिशेब तू कर, इंजिनिअरिंगला आहेस. पण हे कारण मला आवडत नाही. पैशासाठी उतरलास तर तेही जंप-स्कूप-जंपच होणार, फक्त पायी.

सगळीकडे नावं लागलेली आहेत ही तुझी तक्रार मात्र मला मुळीच पटली नाही. चारशे अब्ज तारे आहेत त्या गॅलेक्सीत, आणि तू गेलास कुठून? राऊट प्लॉटरने काढलेल्या सरळ रेषेवरून, बबल ते सॅज ए, जिथून 2014 च्या डिसेंबरपासून प्रत्येक जण गेलाय. एक्सप्रेसवेवर उभं राहून म्हणायचं की महाराष्ट्रात आता बघण्यासारखं गाव उरलं नाही! रेषेपासून बाजूला हो, पाचशे-हजार प्रकाशवर्षं वर किंवा खाली जा, प्लॉटर इकॉनॉमिकलवर ठेव म्हणजे छोट्या उड्या मारेल, आणि नावं वाचायला शीक. सिस्टीमच्या नावाच्या शेवटच्या तुकड्यात ए ते एच मधलं एक अक्षर असतं, ते म्हणजे आकाशाचे जे चौकोनी डबे पाडलेत त्यांचं माप, ए चा डबा 10 प्रकाशवर्षांचा, पुढे प्रत्येक अक्षराला दुप्पट, एच चा 1280 चा, आणि डबा मोठा तसं आतलं वस्तुमान जास्त. एच दिसलं की ब्लॅक होल किंवा राक्षसी तारा, म्हणून सगळे तिकडे धावतात. तू सी आणि डी मध्ये रमून बघ, आपल्या सूर्यासारखे तारे तिथे सापडतात, आणि पाण्याचे ग्रहही.

आणि खरं तर नाव लागलेलं असलं म्हणून काय बिघडलं? सोलमध्ये व्हॉयेजर 1 आहे, गेममधल्या फेडरेशन या सत्तेत पेटी ऑफिसरची रँक मिळाली की तिथे जायचं परमिट मिळतं. तो सोडला 1977 मध्ये, माझं जन्मवर्ष. मी त्याच्याशेजारी जहाज थांबवून दिवे बंद करून बसले होते, एवढासा आहे रे तो. तिथे माझ्याआधी हजारो जाऊन आले असतील. माझं बघणं त्याने कमी झालं नाही.

मला लोक म्हणतात इतकी वर्षं खेळून तुझ्याकडे कॅरियर नाही, अजून तीच ॲस्प. हो, तीच ॲस्प, कारण तिच्या काचेतून जेवढं आकाश दिसतं तेवढं मला दुसऱ्या कशातून दिसलं नाही. मी हट्टी आहे, असू दे. तुझ्या मँडलेची मला असूया नाही, फक्त एका उडीत पंचाहत्तर प्रकाशवर्षं जाणाऱ्या जहाजातून तू कमी बघतोयस याचं वाईट वाटतं.

तर आता असं कर. अँकरेजला डेटा विक, झोप, कॉलेज बुडवू नकोस. शनिवारी रात्री निघ, गॅलेक्सीच्या प्लेनच्या, म्हणजे तिच्या सपाट तबकडीच्या खाली, आणि दर दहाव्या जंपला थांबायचं म्हणजे थांबायचं. उतरण्यासारखं काही असेल तर उतर, नसेल तर थ्रॉटल शून्य कर आणि एक चक्कर सगळीकडे बघ. जी दोनच्या वर असेल तर नाक सरळ, गिअर खाली, आणि घरात कुणी जेवायला हाक मारत असेल तर उतरूच नको, जेवून ये.

रविवारी मला फोन कर, दहानंतर. फोटो पाठवू नको, सांग.

ताई