जुन्या कपाटाला रंग द्यायचा, पण व्हार्निशचं काय?

प्रश्न: आजीच्या वेळचं लाकडी ड्रॉवरचं कपाट आहे, वर चकचकीत व्हार्निश. त्याला पांढरा रंग द्यायचाय. एका कोपऱ्यात ट्रायल म्हणून ऑइल पेंट मारला तर दोन दिवसांनी नखाने खरवडल्यावर सालीसारखा निघून आला. आता सगळं व्हार्निश काढत बसायचं का?

उत्तर: अजिबात नको! व्हार्निश लाकडाला घट्ट धरून असेल तर राहू दे की. रंग सुटला तो त्या गुळगुळीत चकाकीमुळे, काचेवर रंग मारल्यासारखं झालं ते, त्याला धरायला जागाच नाही. म्हणजे चकाकी घालवायची, एवढंच काम.

पण आधी धुणं, मग घासणं, हा क्रम उलटा करू नका. मी एका स्टुलाला केला होता, थेट पॉलिश पेपर घेऊन बसलो, जुनं मेण आणि हाताचा तेलकटपणा घासून घासून ओरखड्यांत बसवला आणि वरून रंग मारला तर जागोजागी गोल खड्डे पडले, सगळं परत करावं लागलं. तुम्ही ड्रॉवरच्या मुठी काढा, त्यांच्याभोवती बोट फिरवून बघा, चिकट लागेल, सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याने, आणि रात्रभर वाळू द्या. कधी मेणाचं पॉलिश लावलं असेल तर आणखी एकदा टर्पेंटाइनने पुसायचं, फडक्याची बाजू सारखी बदलत, नाहीतर मेण नुसतं इकडचं तिकडे होतं. ही फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.

मग १८० नंबरचा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून कपाटाच्या लाकडातल्या रेषांच्या दिशेने घासा, फार जोर नको. कडा नुसत्या हाताने, हलक्या, कारण तिथलं लाकूड पटकन उघडं पडतं. बाजूने टॉर्च मारला की चमकणारे ठिपके दिसतात, ते गेले की बास. पोपडे सुटत असतील तिथे मात्र पक्का थर लागेपर्यंत घासा. पेपर चिकट होऊन भरायला लागला तर बहुतेक ते लाखेचं पॉलिश असणार, घासताना गरम होऊन मऊ पडतं, पेपर बदलत राहा. मास्क लावाच. आणि खाली जुन्या रंगाचा थर दिसला तर कोरडं घासणं तिथेच थांबवा, जुन्या रंगांत शिसं असायचं, आधी तपासून घ्या.

धूळ ब्रशने काढून ओलसर फडक्याने पुसा, वाळलं की प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर. पांढऱ्या रंगाखाली काही लाकडांचा तपकिरी डाग वर येतो, वॉटर बेस्ड प्रायमर मारला तरी काही दिवसांनी पिवळट दिसायला लागतं, म्हणून लाखेचा म्हणजे शेलॅक प्रायमर घ्या. तो वाळल्यावर २२० चा पेपर एकदा अलगद फिरवा, मग रंग.

तुमचा तो ट्रायलचा कोपरा मात्र आधी पूर्ण खरवडून टाका, त्याच्यावरच प्रायमर मारलात तर पहिला पोपडा तिथूनच सुटेल.