भिंत घे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेच्या व्हरांड्याची तीस फुटी भिंत रंगवलेल्या फरशांनी मढवायचं काम चालून आलंय, आणि तू विचारतेस, दुसऱ्यानं सांगितलेलं काम केलं तर मी कलाकार राहीन का? तुझा हात चांगला आहे, ते नव्यानं सांगत बसत नाही. पण या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही.

पणजीला आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जाऊन ये. प्रवेशदालनात पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग निळ्या अझुलेजूंवर, म्हणजे चित्रं रंगवलेल्या चकचकीत फरशांवर आहेत, 1935 सालचे. ते जॉर्ज कुलासोचं काम. हा पोर्तुगीज माणूस 1868 मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरला जन्मला, माद्रिद आणि पॅरिसला चित्रकला शिकला, लिस्बनला व्यंगचित्रं काढली. कॅनव्हासवर आयुष्य काढता आलं असतं त्याला. त्यानं भिंत घेतली.

आणि भिंत म्हणजे सांगितलेलंच काम! पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या साओ बेंतो रेल्वे स्टेशनाला त्याच्या सुमारे 20,000 फरशा आहेत. विषय ठरलेला, देशाचा इतिहास. त्यात 1415 मध्ये सेउता जिंकल्याचा प्रसंग आहे. सेउता आफ्रिकेच्या त्याच टोकाला, टँजियरहून फार लांब नाही. दिलेल्या विषयातसुद्धा जन्मगावचा किनारा हाताशी आला, असं मला तरी वाटतं. 1922 च्या रिओच्या प्रदर्शनातल्या पोर्तुगीज दालनासाठीही त्यानं फरशा केल्या. ते दालन पुढे लिस्बनला आणून पुन्हा उभारलं. आज साओ बेंतोत गाडीची वाट बघणारा माणूस तिकीट न काढता त्याचं चित्र बघतो. कुठल्या गॅलरीत हे घडतं, सांग मला.

‘माझी शैली हरवेल,’ म्हणतेस. अगं, शैली एवढी लेचीपेची असेल तर हरवू दे! कच्च्या ग्लेझवर, म्हणजे फरशीवरच्या अजून न भाजलेल्या काचेसारख्या लेपावर, कुंचला टेकला की पाणी क्षणात शोषलं जातं, रेघ खोडता येत नाही. चेहऱ्याचे डोळे एका फरशीवर, हनुवटी खालच्या फरशीवर. भट्टीत एक तडकली तर तेवढीच पुन्हा करायची, आणि निळा तोच यायला हवा. तिथे तुझा हात लपेल कुठे? भिंत घे.

मला बत्तिसाव्या वर्षी एका बसस्थानकाची भिंत मिळत होती. विषय त्यांचा, रंगही त्यांचेच, म्हणून मी नाही म्हटलं. त्या वर्षी केलेले वाडगे चांगले होते, हे मी आजही म्हणेन. भट्टी नवी होती, कर्ज होतं, वाडगे लगेच विकले जात. चूक नव्हती ती, निदान पूर्ण चूक नव्हती. पण वाडगे कुणाच्या कपाटात आहेत ठाऊक नाही, आणि त्या भिंतीवर आता गुळगुळीत ग्रॅनाइट आहे. दर वेळी तिथे उतरलो की मी मान वळवतो.

तू मान वळवू नकोस. भिंत घे.

उद्याच जाऊन माप घे. जोत्याला ओल आहे का ते हात लावून बघ. असेल तर आधी ती बंद करून घे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर खालची ओळ सुटेल. फरशांच्या पाठीवर आकडे घालशील ते लोहाच्या ऑक्साइडनं घाल. पेन्सिल भट्टीत उडून जाते.

तुझे सर