वाचकांचे प्रश्न : नोकरीआधी नोंदणी विवाह

प्रश्न : पदवीचा निकाल मेमध्ये लागेल. १ जुलैला पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. त्याआधी आम्हा दोघांना नोंदणी विवाह करायचाय. धर्म वेगळे आहेत. मी ठाण्याची, तो साताऱ्याचा. आईबाबा राजी नाहीत. लग्नानंतर रेल्वेनं रत्नागिरीला आजीकडे जायचंय. कसं जुळवावं?

उत्तर : सगळं नोटिशीवर, म्हणजे लग्न करायचंय असं विवाह अधिकाऱ्याला आधी लेखी कळवण्यावर, अवलंबून आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य लागतं. म्हणून नोटीस ठाण्यात किंवा साताऱ्यात द्या, पुण्यात नको. त्यानंतर कुणाचा आक्षेप येतो का, यासाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. मेच्या पहिल्या आठवड्यात दिलीत, तर जूनच्या मध्याला लग्न होऊ शकेल. तीन साक्षीदार लागतात. चौथा हाताशी ठेवाच. आधार आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नावं जुळत नसतील तर आधी दुरुस्त करून घ्या, काम बहुधा तिथेच अडतं.

आईवडिलांची नाराजी हा कायदेशीर आक्षेप नव्हे. पण नोटीस कार्यालयात लावली जाते, दुसऱ्या जिल्ह्यातही प्रत जाते. त्यांना ते तिऱ्हाइताकडून कळू देऊ नका; आधी तुम्हीच सांगा, आजीला सोबत घेऊन.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जूनच्या मध्याला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू धावतात; वेळा पुन्हा तपासा. परतीचं तिकीट २७ जूनपर्यंतचंच काढा, रुजू होण्याआधी पुण्यात खोली लावायला दोन-तीन दिवस हवेतच.