पाच फुटी टाकी, चार ऑस्कर: कॅनिस्टर घ्यावा की सम्प?

तुम्ही लिहिलंय की टाकी ५ × २ × २ फूट, अजून बनवायला टाकायची आहे, घर इंदूरलाच, चार ऑस्कर मासे पाळायचेत आणि दुकानदार म्हणतो की एक मोठा टॉप फिल्टर पुरेल. नाही पुरणार. दुकानदार अगदीच खोटं बोलतोय असं नाही. ऑस्कर बोटाएवढे आहेत तोवर त्याचं म्हणणं खरं वाटेल. वर्षभरात ते वीतभराच्या पुढे जातात आणि खाऊन घाण करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

माझ्याकडे याच मापाची टाकी रामबागेतल्या घरात बरीच वर्षं आहे. आधी कॅनिस्टर लावला होता, म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डब्याचा फिल्टर. आता सम्प आहे, म्हणजे खाली ठेवलेली दुसरी उघडी टाकी, जिच्यात पाणी गाळून पंपाने परत वर जातं. दोघांनीही मला एकेकदा रडवलंय, तरी तुमच्यासाठी माझं मत सम्पच.

आधी खोक्यावरच्या आकड्याचं बोलू. तुमची टाकी हिशेबाने ५६६ लिटरची. काच, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा करा, म्हणजे पाणी ५०० च्या आतच राहतं. ताशी चार-पाच वेळा सगळं पाणी फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे २००० ते २५०० लिटर. पण खोक्यावर जो एलपीएच (ताशी किती लिटर) छापतात तो बहुधा नुसत्या पंपाचा, आत मीडिया (म्हणजे पाणी ज्यातून जातं तो स्पंज, रिंगा वगैरे भरणा) नसताना आणि पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला. फ्लुवलचा एफएक्स६ बघा: कंपनी पंपाचा आकडा ३५०० देते आणि भरलेल्या फिल्टरचा सुमारे २१३०. हे निदान दोन्ही सांगतात. बाकीच्यांच्या आकड्यातून ४० टक्के तुम्हीच मनात कापा.

आणि खरं सांगू, नुसतं पाणी फिरवणं हे फिल्टरचं अर्धंच काम आहे. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडत असतात. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं त्या मानाने सौम्य, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. या जिवाणूंना बसायला जागा लागते आणि प्राणवायू लागतो. म्हणून एलपीएचच्या आधी विचारायचं ते हे: मीडिया किती लिटर मावतो? मोठ्या कॅनिस्टरमध्ये पाच-सहा लिटर. तीन फुटी सम्पमध्ये वीस-पंचवीस आरामात, आणि त्यात महागड्या सिरॅमिक रिंगाच हव्यात असंही नाही. माझ्याकडे अर्धा मीडिया म्हणजे भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या आहेत. साबण लावलेल्या नव्हेत, कोऱ्या.

आता कॅनिस्टरने कसं रडवलं ते. मे महिना, रात्री लाइट गेली ती पहाटे आली. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. पाणी थांबलं की आतले जिवाणू उरलेला प्राणवायू तासा-दोन तासांत संपवतात आणि मग आत सडायला लागतं. लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू झाला आणि ते सगळं पाणी टाकीत. सकाळी खोलीत सडक्या अंड्यांचा वास आणि मासे वर येऊन तोंड उघडताहेत. दोन गेले. तेव्हा कॅनिस्टरच घेणार असाल तर लाइट बराच वेळ गेल्यावर तो परत सुरू करण्याआधी उघडा आणि आतलं पाणी फेकून द्या. सम्प उघडा असतो, त्याचं एवढं बिघडत नाही.

सम्पने रडवलं ते माझ्या आळशीपणामुळे. लाइट गेली की वर पाणी नेणारी नळी उलटी वाहते आणि तिचं तोंड जिथवर बुडालंय तिथवरचं पाणी खाली सम्पमध्ये उतरतं. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २३ लिटर! मी सम्प काठोकाठ भरून ठेवला होता. बैठकीत तळं झालं, आणि आईनं एवढंच विचारलं, "मासे पण खाली आलेत का रे?" उपाय सोपा: नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरासंच खाली ठेवा, तिथे एक बारीक भोक पाडा म्हणजे हवा शिरून धार तुटते, आणि सम्प एक तृतीयांश रिकामा ठेवा. मग मुद्दाम स्विच बंद करून बघा, दिवसा, सगळे घरी असताना.

पंप घेताना तो चार-साडेचार फूट वर किती पाणी देतो ते विचारा. ताशी ३००० चा छोटा पंप तेवढ्या उंचीवर निम्मंही देईलच असं नाही. ४० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला २९ युनिट होतात, घरात आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडच्या पाण्याचं थोडं. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे मीडिया नळाखाली कधीच धुवायचा नाही, त्यातले जिवाणू मरू शकतात. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच पिळून घ्या. बोरिंगचं पाणी जड असतं, ऑस्कर ते चालवून घेतात. उन्हाळ्यात मात्र उघड्या सम्पमधून पाणी भराभर उडतं. मी एप्रिलपासून रोज सकाळी पोह्यांआधी एक बादली ओततो. पंप कोरडा पडला तर जळतो.

सम्प ठरला तर टाकी बनवणाऱ्याला आजच फोन करा. ओव्हरफ्लोचं, म्हणजे पाणी आपोआप खाली सम्पमध्ये उतरायचं, भोक काच जोडण्याआधी पाडून घ्यायचं, आणि ती काच टफन्ड नको, कारण टफन्ड काचेला नंतर भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होतो. टाकी भरून झाल्यावर मग आठवण झाली तर काठावरून सायफनने पाणी काढणारे डबे मिळतात, पण त्यांची धार तुटली की पंप मात्र वर पाणी ढकलतच राहतो. त्यापेक्षा मग दोन कॅनिस्टर बरे, आणि ते एकाच आठवड्यात दोन्ही धुवू नका.

मासे मात्र लगेच आणू नका. फिल्टर सुरू करून जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची चालती टाकी असेल तर त्याचा मळका स्पंज मागून आणा, बराच वेळ वाचेल. रामबागेच्या बाजूला आलात तर माझा घेऊन जा.