मधु दंडवते यांना मोठे संसदपटू का म्हणतात आणि ते मुंबईत बसून कसं तपासायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दंडवत्यांचं कौतुक कितपत खरं आहे, आणि राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी ते मूळ कागदांवरून कसं पडताळायचं. कौतुक बरंचसं खरं आहे, असं माझं मत. पण श्रद्धांजलीचे लेख वाचून ते कळणार नाही. त्या लेखांत साधेपणा, विनोद आणि समाजवादी निष्ठा यांच्यापुढे फारसं काही नसतं.

आधी कारकिर्दीचा सांगाडा डोक्यात ठेवा, नाहीतर नोंदी शोधताना गोंधळ उडेल. जन्म 1924, अहमदनगर. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 1970-71 मध्ये राज्याच्या विधान परिषदेत. जानेवारी 1971 मध्ये खासदार नाथ पै वारले आणि त्यांच्या राजापूर मतदारसंघातून दंडवते लोकसभेत आले. 1971, 1977, 1980, 1984 आणि 1989 अशा सलग 5 निवडणुका जिंकल्या, 1991 मध्ये हरले. मधल्या काळात 1977 ते 1979 रेल्वेमंत्री आणि 1989-90 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री. नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही झाले, पण तुमच्या विषयाला त्याचा फारसा उपयोग नाही. निधन 2005 मध्ये मुंबईत.

या सांगाड्यात खरी कामाची गोष्ट अशी की हा माणूस दोन्ही बाकांवर दोनदा बसला. 1977 पर्यंत विरोधात, मग रेल्वेमंत्री. 1980 ते 1989 पुन्हा विरोधात, मग अर्थमंत्री. म्हणून प्रकल्पासाठी एकच विषय घ्या आणि त्यावर त्यांनी विरोधी बाकावरून काय मागितलं आणि मंत्री झाल्यावर काय केलं, ते समोरासमोर ठेवा. सुटी भाषणं वाचून वक्तृत्व कळेल, संसदपटू कळणार नाही.

रेल्वे हा त्यासाठी सगळ्यात सोपा विषय. मे 1974 च्या रेल्वे संपाच्या वेळी ते विरोधात होते. त्या संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी मंत्री झाल्यावर कामावर परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तोही त्यांच्याच काळात, आणि वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस 1977 मध्ये सुरू झाली. तेव्हा रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जायचा. त्यावरची सर्वसाधारण चर्चा, मग मागण्यांवरची (म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमांवरची) चर्चा, आणि शेवटी मंत्र्यांचं उत्तर. नुसतं मांडणीचं भाषण वाचून थांबू नका. ते लिहून आणलेलं असतं. माणूस कळतो तो चर्चेच्या उत्तरात, कारण तिथे पन्नासेक सदस्यांनी उपस्थित केलेले मुद्दे आयत्या वेळी हाताळायचे असतात.

अर्थखात्याचा विषय घेतलात तर 19 मार्च 1990 चा अर्थसंकल्प मध्यभागी ठेवा. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणं आणि 10,000 रुपयांपर्यंतची शेती कर्जं माफ करणं, हे त्या वर्षातले मोठे निर्णय. मग मागे जाऊन 1980 नंतरच्या प्रत्येक अर्थसंकल्पावर ते विरोधातून काय बोलले ते काढा. कोकण रेल्वे हा तिसरा पर्याय, आणि मुंबईकराला तो जवळचा वाटेल. पण श्रेय वाटताना सावध राहा. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि दंडवते अर्थमंत्री. केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6 टक्के भांडवल, आणि उरलेला पैसा रोख्यांतून, अशी ती रचना होती. एकाच माणसाच्या नावावर ती टाकता येत नाही, तरी गावोगावी तसंच सांगितलं जातं.

आता आयुधांकडे, म्हणजे सदस्याला सभागृहात वापरता येणाऱ्या साधनांकडे या, कारण दंडवत्यांची खरी ताकद नियमांत होती. डिसेंबर 1984 च्या निवडणुकीत काँग्रेसला 400 हून अधिक जागा मिळाल्या आणि जनता पक्षाला 10. चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो, म्हणजे 10 सदस्यांच्या पक्षाच्या वाट्याला मोजकी मिनिटं. स्थगन प्रस्ताव (ठरलेलं काम थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा) किंवा अविश्वास ठराव दाखल करून घ्यायचा तर 50 सदस्य उभे राहावे लागतात, ते एकट्या पक्षाला जमणारं नव्हतं. अशा वेळी हाती उरतात ती हरकतीचा मुद्दा (कामकाजाच्या नियमभंगावर बोट ठेवणं), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून निवेदन मागणं), लोकसभेच्या नियम 193 खालची अल्पकालीन चर्चा, नियम 377 खालचे उल्लेख (इतर मार्गाने न मांडता येणारे विषय) आणि कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा अशी सूचना). यातला फरक माहीत नसेल तर नोंदी वाचून चुकीचा निष्कर्ष निघतो. नियम 193 च्या चर्चेनंतर मतदान नसतं, म्हणून सरकार तिला पटकन तयार होतं. नियम 184 खाली मतदान असतं, म्हणून टाळाटाळ होते. ‘चर्चा झाली पण पुढे काही झालं नाही’ असं लिहिण्याआधी ती कुठल्या नियमाखाली झाली ते बघा. 100 रुपयांची कपात सूचना वाचून हसू नका. ती प्रतीकात्मक असते, विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी. धोरणालाच विरोध असेल तर मागणी 1 रुपयावर आणा अशी सूचना देतात.

प्रत्यक्ष शोध असा करा. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. इंग्रजीत शोधा, कारण आडनाव मराठीत टाकून फारसं हाती लागत नाही. आडनावाचं स्पेलिंग व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी करून पाहा. लोकसभेचा क्रमांक आधी निवडा: 5 ते 9. सातव्या लोकसभेत जास्त जपा, कारण तेव्हा त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवतेही मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आल्या होत्या. नुसतं आडनाव टाकलंत तर दोघांची भाषणं एकत्र येतील. ‘प्रोफेसर’ हा शब्द आणि कंसातलं ‘राजापूर’ पाहून ओळख पटवा. (प्रमिलाताईंचं काम स्वतंत्र प्रकल्पाच्या लायकीचं आहे, हे जाता जाता.)

स्कॅनवरचा मजकूरशोध जुन्या छपाईत अक्षरं चुकवतो, म्हणून तारीख मिळाली की त्या दिवसाचा पूर्ण खंड उघडा आणि अनुक्रमणिकेवरून पान गाठा. ‘नोंदीत घेतलं नाही’ अशी टीप किंवा शब्दांच्या जागी तारे दिसले तर अध्यक्षांनी ते वगळलेलं असतं. वर्तमानपत्रातून ते शब्द उचलून नोंदीत जोडू नका.

रिकाम्या जागांचाही अर्थ लावावा लागतो. जून 1975 नंतर त्यांचं नाव दिसत नाही, कारण आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरमध्ये होते आणि तिथेच वाजपेयी, अडवाणींबरोबर पकडले गेले. आणीबाणीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही रद्द होता. जुलै 1989 मध्ये बोफोर्स तोफांच्या खरेदीच्या प्रकरणावरून विरोधी खासदारांनी सामूहिक राजीनामे दिले, तेव्हा त्यापुढच्या खंडांत विरोधकांची नावं कमी सापडणारच.

शेवटचं, आकड्यांबद्दल. हल्ली खासदारांची उपस्थिती आणि प्रश्नसंख्या यांचे तक्ते मिळतात, पण ते दंडवत्यांच्या काळाचे नाहीत. स्वतः मोजायला बसलात तरी मंत्री असतानाची वर्षं वेगळी काढा, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. हस्तक्षेपांची संख्याही फसवी असते. ‘अध्यक्ष महोदय, माझं ऐका’ हेही एक नोंद म्हणून मोजलं जातं.

विधान परिषदेतल्या वर्षभराच्या नोंदी मात्र दिल्लीच्या ग्रंथालयात नाहीत. त्यासाठी नरिमन पॉइंटला विधानभवनाच्या ग्रंथालयाकडे कॉलेजच्या पत्रासह परवानगी मागा, आणि पत्रात 1970 आणि 1971 ही वर्षं स्पष्ट लिहा.