पुण्याजवळ गड न चढता, पाणी आणि डोंगर दोन्ही मिळतील अशी दिवसभराची पायपीट कुठे करता येईल?

वडील साठीच्या पुढचे, गुडघ्यांना चढ सोसत नाही आणि गर्दीही नको, असं तुम्ही लिहिलंय. मग नीरा नदीचा डावा कालवा धरा. सासवड-जेजुरीमार्गे वीर गावाला जायचं, म्हस्कोबाचं दर्शन घ्यायचं आणि काठाकाठाने नीरा गावाच्या दिशेने निघायचं. सगळं अंतर काटायलाच हवं असं नाही. दोन तास चाला, दशम्या सोडा, मागे फिरा.

कालवा डोंगराच्या कुशीतून जवळजवळ एकाच पातळीवर, अगदी किंचित उतार घेत जातो. म्हणून वळणं खूप, पण पायांना चढ असा लागत नाही. डाव्या हाताला पुरंदरचे माळ आणि मागे डोंगर, उजव्या हाताला खाली नदीपर्यंत ऊस. नदीपलीकडे सातारा जिल्हा. वारीत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी जिल्हा ओलांडते, ती हीच नीरा.

पण मला तिथे खरी हद्द कालव्याचीच वाटते. एकदा थांबून दोन्हीकडची माती हातात घेतली होती. वरची मुरमाड, बोटांतून गळून गेली. खालची काळी, ओली, नखांत बसली ती घरी येईपर्यंत. पाणी उताराने खालीच जाणार, त्यामुळे वरच्या रानाला कालवा नुसता दिसतो. ज्याला मोटर आणि पाइपलाइन झेपली, त्याचाच तेवढा तुकडा हिरवा. शेरडं राखणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "पानी आमी बगायचं, भरायचं त्येंनी." मला पुढे काही बोलवेना. १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून खोदायला घेतलेला हा कालवा. १८८५ साली त्यातून पाणी वाहू लागलं आणि बारामतीकडचा मुलूख उसाचा झाला. वाल्ह्याच्या बाजूचे माळ मात्र अजून बरेचसे पावसाच्याच भरवशावर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, तेही आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना. पाणी सुटलंय का हे गावात किंवा कालव्याचं पाणी बघणाऱ्या पाटकऱ्याला विचारलं की कळतं. कोरड्या कालव्यात गाळाशिवाय बघण्यासारखं काही नाही. भरलेल्या कालव्यात मात्र पाय धुवायलाही उतरू नका. काठ निसरडा असतो आणि ओढ वरून कळत नाही. वडिलांना शेताच्या बाजूने चालवा, पाण्याच्या बाजूला तुम्ही राहा.